व्हेनिसमध्ये पास काढण्यापूर्वी

युरोपच्या प्रवासाला निघणारा आपल्याकडचा गृहस्थ विमानाचे तिकीट सहा महिने आधी काढतो, व्हिसाच्या कागदपत्रांची चळत वकिली दक्षतेने लावतो, हॉटेलातल्या न्याहारीत शाकाहारी काय मिळेल याचीही चौकशी करून ठेवतो. परंतु व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरल्यावर समोर रस्त्याऐवजी हिरवट पाण्याचा रुंद कालवा दिसला की, आता येथून पुढे जायचे कसे आणि त्याचे हशील किती, हा प्रश्न मात्र त्याला तेथेच, हातात दोन बॅगा आणि पाठीमागे रांग असताना, प्रथम सुचतो. तिकिटाच्या खिडकीवर लिहिलेले दर वाचून मन दचकते, आणि दचकलेला माणूस एक तर सर्वांत महाग पास घेऊन मोकळा होतो किंवा त्राग्याने सर्वांत स्वस्त तिकीट घेऊन पुढे दोन दिवस पुनःपुन्हा पैसे मोजीत राहतो. ही दोन्ही टोके टाळण्यास घरी बसून, शहराचा नकाशा आणि आपल्या मुक्कामाचा पत्ता समोर ठेवून केलेला अर्ध्या तासाचा हिशेब पुरतो. तो कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मुख्य भूमीवरून या शहरात येणारा आगगाडीचा पूल १८४६ साली झाला आणि मोटारींचा १९३३ साली; परंतु मोटारीची मजल शहराच्या पश्चिम टोकावरील पियाझ्झाले रोमा या चौकाशी संपते आणि त्यापुढे चाकाचे राज्य नाही. तेथून पायाने चालावे किंवा पाण्याने जावे, एवढेच दोन मार्ग उरतात. पाण्यावरील सार्वजनिक वाहनाचे नाव वापोरेत्तो. ही वाफेची लाँच १८८१ साली प्रथम सुरू झाली, तेव्हा आपल्या पोटावर पाय आला म्हणून गोंडोलावाल्या नावाड्यांनी संप पुकारला होता. संप मिटला, लाँच राहिली, वाफ जाऊन तेलाचे इंजिन आले आणि नाव मात्र वाफेचेच चालू राहिले. आज हा सारा कारभार ए.सी.टी.व्ही. या सार्वजनिक कंपनीकडे आहे. गोंडोला ही वस्तू निराळी. ती हौसेची आहे, तिचा दरही हौसेचाच आहे, आणि कोणत्याही पासाचा तिच्याशी काडीमात्र संबंध नाही.

आता दर पाहू. गेली काही वर्षे चालू असलेल्या दरपत्रकाप्रमाणे परक्या प्रवाशास एका खेपेचे तिकीट साडेनऊ युरोंना पडते आणि ते ७५ मिनिटे चालते. त्याखेरीज मुदतीचे चार पास आहेत: २४ तासांचा २५ युरोंना, ४८ तासांचा ३५ ना, ७२ तासांचा ४५ ना आणि सात दिवसांचा ६५ ना. दर बदलण्याचा संभव असल्यामुळे निघण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर एकवार नजर टाकावी. परंतु दरांचे परस्परप्रमाण ज्याच्या ध्यानात आले त्याचे काम पुष्कळसे झाले. पहिला पास तिसऱ्या खेपेस फिटतो, दुसरा चौथ्या, तिसरा पाचव्या आणि सात दिवसांचा सातव्या. म्हणजे तीन दिवसांत पाच वेळा लाँचीत पाऊल टाकावयाचे नसेल त्याने ७२ तासांचा पास घेणे हा तोट्याचा व्यवहार होय. आणि जो पुरे सात दिवस राहणार आहे त्यास मोठा पास दिवसाला साडेनऊ युरोंहूनही स्वस्त पडतो, तेव्हा त्याने फार विचार करू नये.

परंतु खरी मेख दरात नसून मुदतीच्या स्वरूपात आहे. आपल्याकडे पास म्हटला की लोकलचा पास डोळ्यांपुढे येतो. तो तारखेवर चालतो. पहिल्या तारखेला सकाळी काढा की रात्री, मुदत संपावयाची तेव्हाच संपते, आणि म्हणून तो सकाळच्या पहिल्या गाडीआधी काढण्याची आपल्याला सवय. व्हेनिसचा पास तासांवर चालतो, आणि ते तास विकत घेतल्याक्षणी नव्हे, तर धक्क्यावरील यंत्राला तो प्रथम टेकविल्याक्षणी सुरू होतात. मंगळवारी दुपारी ३ वाजता टेकविलेला २४ तासांचा पास बुधवारी दुपारी ३ पर्यंत चालतो. या एका गोष्टीत सगळी किफायत दडलेली आहे. कारण पास केव्हा काढावा हा प्रश्न उरत नाही, तो केव्हा सुरू करावा हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपल्या हाती असते. पास आठ दिवस आधी घेऊन पाकिटात ठेवला तरी त्याचा एक क्षणही झिजत नाही.

उदाहरणादाखल असे धरा की, एक जोडपे सोमवारी दुपारी ४ च्या सुमारास सांता लुचियाला उतरले असून गुरुवारी सकाळी ११ च्या गाडीने फ्लॉरेन्सकडे रवाना होणार आहे. तीन रात्री, म्हणून तीन दिवसांचा पास, हा विचार त्यांच्या मनात प्रथम येईल. आणि त्यांचा मुक्काम जुदेक्का बेटावर किंवा लिदोवर असेल तर तो बरोबरच आहे, कारण तेथून बाहेर पडण्यास आणि रात्री परतण्यास लाँचीवाचून गत्यंतर नाही. मात्र मुक्काम स्थानकाजवळ कान्नारेजो भागात, चालत दहा मिनिटांवर असेल, तर सोमवारी बॅगा ओढीत चालावे, संध्याकाळ गल्लीबोळांत घालवावी, मंगळवारी सकाळी चालतच रियाल्टोवरून सान मार्कोस जावे, आणि दुपारी ३ वाजता तेथील धक्क्यावर २४ तासांचा पास सुरू करावा. त्या संध्याकाळी मोठ्या कालव्यातून सावकाश फेरी होते, रात्री दिव्यांत पुन्हा एक होते, दुसऱ्या दिवशी पहाटेची लाँच पकडून बेटे पाहून होतात आणि मुदत संपण्यापूर्वी परतही येता येते. दोघांचे मिळून ४० युरो वाचले, आणि पाहावयाचे काही सुटले नाही. मुदतीच्या शेवटास मात्र तासाभराचा अवकाश ठेवावा. परतीच्या धक्क्यावर गर्दी असली की एक लाँच डोळ्यांदेखत भरून जाते आणि मागल्या लाँचीची वाट पाहताना घड्याळ पुढे सरकते.

ज्याचे पाय शाबूत आहेत आणि जो बेटांवर जाणार नाही, त्याने पास घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. नकाशावर अवाढव्य वाटणारे हे शहर वस्तुतः लहान आहे. स्थानकापासून सान मार्कोच्या चौकापर्यंत, वाट चुकत चुकत गेले तरी, पाऊणएक तास पुरे, आणि तेवढ्याच अंतरास सर्व धक्के घेत जाणाऱ्या पहिल्या क्रमांकाच्या लाँचीलाही जवळजवळ तितकाच वेळ लागतो. अडचण येते ती मोठा कालवा ओलांडण्याची. त्याच्या सुमारे पावणेचार किलोमीटरांच्या लांबीवर पूल अवघे चार आहेत. या ठिकाणी त्रागेत्तो नावाची तर उपयोगी पडते: जुन्या, अलंकारहीन गोंडोलात दोन नावाडी पुढे-मागे उभे राहून आपल्याला पैलतीरी घालतात आणि परक्या माणसाकडून दोन युरो रोख घेतात. पास तेथे चालत नाही. पण ज्याला गोंडोलात बसलो असे घरी सांगावयाचे आहे आणि त्यासाठी मोठी रक्कम मोडवत नाही, त्याच्या दृष्टीने हा सौदा वाईट नव्हे. सान्ता सोफियाच्या घाटावरून रियाल्टोच्या मासळीबाजाराकडे जाणारी तर सकाळी घेतली, तर पलीकडे उतरताच बाजार लागलेला असतो.

पासाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते उत्तरेकडील बेटांच्या सफरीत. शहराच्या उत्तर काठावर फोंदामेंते नोव्हे नावाचा धक्का आहे. तेथून १२ क्रमांकाची लाँच मुरानो, माझ्झोर्बो, बुरानो अशी जाते आणि तोर्चेल्लो बेटाशी जोड देते. आगीच्या भयाने शहरातल्या काचेच्या भट्ट्या १२९१ साली मुरानोवर हलविण्यात आल्या, त्या आजही तेथे आहेत. बुरानो जाळीच्या विणकामासाठी आणि भडक रंगांच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. तोर्चेल्लोवर ६३९ साली स्थापन झालेले प्राचीन चर्च आणि त्यातील कुट्टिमचित्रे आहेत. प्रत्येक ठिकाणी उतरून पुन्हा चढावयाचे म्हटले की सुट्या तिकिटांनी खिसा पाहता पाहता रिकामा होतो, आणि २४ तासांचा पास एका दिवसात फिटून वर उरतो. ही सफर सकाळी ८ च्या आत सुरू करावी आणि क्रम उलटा ठेवावा: प्रथम दूरची बेटे, मग परतीच्या वाटेवर मुरानो. दहानंतर बुरानोला जाणाऱ्या लाँचीत उभे राहण्यासही जागा मिळणे कठीण होते. आणखी एक युक्ती अशी की, बुरानोपर्यंत न जाता एक धक्का आधी, माझ्झोर्बोला उतरावे. तेथे भाजीपाल्याचे आणि द्राक्षांचे मळे आहेत, माणसांची वर्दळ नाही, आणि एका लाकडी साकवावरून पाचसात मिनिटांत पायी बुरानोत शिरता येते. परतताना गर्दी असेल तर हीच वाट उलटी धरावी, मात्र माझ्झोर्बोला लाँच भरून आलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

मोठ्या कालव्याच्या फेरीसाठी पहिल्या क्रमांकाची लाँच घ्यावी आणि ती पियाझ्झाले रोमाला, म्हणजे तिच्या प्रारंभस्थानीच पकडावी. स्थानकाचा धक्का पुढचा असल्यामुळे तेथे चढणारास बहुधा बैठक मिळत नाही. दोन क्रमांकाची लाँच थोडेच धक्के घेते, ती कामाची; शोभा पाहण्याची नव्हे. सान मार्कोकडे जाताना डाव्या हाताला प्रथम वेंद्रामिन कालेर्जी हा वाडा लागतो, जेथे १८८३ साली संगीतकार वाग्नर निवर्तला, आणि पुढे का'दोरो. उजव्या हाताला का'पेझारो, मग रियाल्टोच्या पुलाखालून गेल्यावर वळणावर का'फोस्कारी आणि शेवटी सालूतेचा शुभ्र घुमट. सकाळी लवकर किंवा रात्री ९ नंतर ही फेरी करणाऱ्यास तेच पैसे दुप्पट फळ देतात. दुपारच्या फेरीत राजवाड्यांऐवजी पुढल्या माणसाच्या पाठपिशवीचेच दर्शन दीर्घकाळ घडते.

पास प्रत्यक्ष वापरण्याची रीत सोपी आहे, पण ती नीट न कळल्यामुळे दंड भरणारांची संख्या थोडी नसावी. धक्का म्हणजे पाण्यावर तरंगणारी, बाकांची आणि छपराची एक खोलीच असते. तिच्यावर पिवळ्या पट्ट्यावर धक्क्याचे नाव लिहिलेले असते आणि लाँच येऊन भिडली की ती खालून हलते. तिच्या तोंडाशी यंत्र बसविलेले आहे. त्याला पास टेकवावा. हिरवा दिवा लागून एक सूर निघाला म्हणजे नोंद झाली, तांबडा लागला म्हणजे नाही. हे दर वेळी, प्रत्येक लाँचीत चढण्यापूर्वी करावयाचे असते, केवळ पहिल्या खेपेस नव्हे. आणि पास खिशात असूनही नोंद न करता बसलेला उतारू तपासनिसाच्या दृष्टीने कसूरवारच ठरतो. कुटुंबात प्रत्येकाचा पास वेगळा लागतो, एकाच्या पासावर दुसऱ्याने जाता येत नाही. कागदी पासाच्या पोटात सूक्ष्म यंत्रणा असते, म्हणून त्याची घडी घालू नये. मोबाइलवर पास घेण्याचीही सोय आहे. पण मग दिवसभर बॅटरी टिकविण्याची जबाबदारी आपली. पास मोठ्या धक्क्यांवरील खिडक्यांत आणि यंत्रांत मिळतात, पुष्कळ तंबाखूच्या व वर्तमानपत्रांच्या दुकानांतही मिळतात. आणि स्थानकासमोरच्या रांगेपेक्षा अशा दुकानातली रांग बहुधा लहान असते.

दिशेची चूक ही त्यानंतरची. मोठ्या ठिकाणी एकाच नावाचे दोनतीन धक्के शेजारी शेजारी असतात आणि त्यांना अक्षरे दिलेली असतात. आपली लाँच कोणत्या अक्षरावर लागते हे वरच्या फलकावर पाहूनच आत जावे. ४.१ आणि ४.२, ५.१ आणि ५.२ या शहराला प्रदक्षिणा घालणाऱ्या लाँची आहेत. दशांशाचा फरक म्हणजे दिशेचा फरक. शंका असल्यास दोर टाकणाऱ्या खलाशास आपल्या धक्क्याचे नाव विचारावे. तो एका हाताने खुंटाला दोराचे वेढे देत, दुसऱ्या हाताने लोखंडी फाटक सरकवीत, मान हलवून होय किंवा नाही सांगतो. त्याहून लांब संभाषणाची अपेक्षा धरू नये.

पास कोठे चालत नाही हेही आधी जाणून घेतलेले बरे. मार्को पोलो विमानतळावरून शहरात येणाऱ्या आलिलागूना या लाँची दुसऱ्या कंपनीच्या आहेत, त्यांचे तिकीट वेगळे. विमानतळाची बसही साध्या पासात येत नाही. तिच्यासाठी जादा रक्कम भरून मिळणारा पास निराळा असतो, आणि तो पास घेतेवेळीच मागावा लागतो. उलट लिदो बेटावरील बस, मेस्त्रे येथील बस व ट्राम, आणि त्रोन्केत्तोहून पियाझ्झाले रोमापर्यंत येणारी स्वयंचलित गाडी यांवर पास चालतो. तेव्हा स्वस्ताईसाठी मेस्त्रेत उतरणाऱ्या मंडळींनी त्याचा विचार अवश्य करावा. सामानाचा नियम असा की, लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५० सेंटिमीटरच्या आत असलेली एक बॅग विनामूल्य. दुसऱ्या मोठ्या बॅगेचा आकार पडतो.

सवलतींचे प्रकरण थोडक्यात आटोपते. सहा वर्षांखालील मुलांस तिकीट नाही. त्यावरील मुलांस पूर्ण आकार द्यावा लागतो, अर्ध्या तिकिटाची आपली वहिवाट तेथे नाही. सहा ते २९ वर्षांच्या दरम्यान वय असणारास मात्र रोलिंग व्हेनिस नावाचे ओळखपत्र सहा युरोंना मिळते आणि त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोंत पडतो. एकूण ३३ युरो, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या ४८ तासांच्या पासाहूनही दोन युरोंनी कमी. घरातल्या कॉलेजवयीन मुलांचे पारपत्र दाखवून हे आधी उरकून घ्यावे, कारण खिडकीवरचा कारकून आपण होऊन त्याची आठवण करून देईलच असे नाही.

प्रवेशशुल्क ही सर्वस्वी निराळी बाब आहे आणि पासाशी तिची गल्लत पुष्कळजण करतात. २५ एप्रिल २०२४ पासून, वर्षातील ठरावीक गर्दीच्या दिवशी, मुक्कामाविना केवळ दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्याकडून शहर पाच युरो घेते. २०२५ साली ऐनवेळी भरणारास दहा पडले. पास घेतला म्हणून हे शुल्क चुकत नाही आणि हे भरले म्हणून लाँचीत बसता येत नाही. शहरात रात्रीचा मुक्काम करणारास माफी आहे, परंतु ती माफी नोंदवून तिचा दाखला जवळ बाळगावा लागतो.

एवढे दर वाचल्यावर कोणीही विचारील की, तेथील रहिवासी साडेनऊ युरो देऊन बाजारहाट कशी करतात. ते देत नाहीत. त्यांच्याजवळ शहराचे ओळखपत्र असते आणि त्यांस तीच खेप दीड युरोत पडते. हा भेद अन्यायाचा आहे असे म्हणणारे प्रवासी भेटतात, पण मला तो रास्त वाटतो. जुन्या शहराची वस्ती १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख होती, ती आता ५० हजारांच्याही खाली आली आहे. उरलेल्यांना दवाखान्यात, शाळेत, कामावर याच लाँचींतून जावे लागते आणि त्यांची जागा आपण अडवून बसतो. गर्दीच्या काही धक्क्यांवर त्यांच्यासाठी चढण्याची वेगळी वाट राखलेली असते. पास कितीही महाग असला तरी त्या वाटेत शिरू नये. पाठपिशवी खांद्यावरून उतरवून पायांशी धरावी, आणि उतरणारांना वाट देण्यापूर्वी दाराशी फोटो काढीत उभे राहू नये.

राहता राहिली आपत्तींची गोष्ट. शरद आणि हिवाळ्यात भरतीचे पाणी चढले की पुलाखालून लाँचींस जाता येत नाही आणि काही मार्ग तोडले जातात; ऑक्टोबर २०२० पासून समुद्रमुखाशी पोलादी दारे उचलून पाणी अडविण्याची योजना अंमलात आल्यामुळे हा प्रसंग पूर्वीपेक्षा कमी येतो. दाट धुक्यातही वेळापत्रक कोलमडते. संप हा इटलीतला नित्याचा मामला आहे, पण तो अगोदर जाहीर करावा लागतो आणि १९९० च्या कायद्यान्वये किमान सेवा चालू ठेवावी लागते. संपाची सूचना धक्क्यावर लावलेली असते व कंपनीच्या संकेतस्थळावरही येते. तेव्हा पास सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी ती सूचना पाहावी, आणि संप असेल तर तो दिवस चालण्याचा ठरवून पास पाकिटातच राहू द्यावा.